हळदीच्या गाण्यासाठी घेतलेलं मशीन

ओल्या हळदीचा वास आला की मला सासूबाईंचा कान आठवतो, हसू नका, खरंच सांगते. हळदीची गाणी उचलावीत ती त्यांनीच. पण ऐकू कमी यायला लागलं, तसं बाकीच्यांचं गाणं संपल्यावर त्यांची ओळ मागून यायची आणि पोरी तोंडावर हात ठेवून हसायच्या. नातवाचं लग्न ठरलं तेव्हा मी त्यांना धानोऱ्याहून नंदुरबारला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. "कोणले दिखाले नको, आसं दे रे भाऊ," हे त्यांचं पहिलं वाक्य. कानाच्या आत बसणारं इवलंसं मशीन मिरच्या खुडून जाड झालेल्या बोटांत धरवेना, म्हणून कानामागचं घेतलं. "पदर शे ना मन्हा, आते कोणले दिखस?" म्हणत ते डोक्यावरच्या पदराखाली झाकून त्या खूश. हळदीला मात्र पदर मशीनवर घासून कानात नुसती खरखर, गाण्याचा शब्द कळेना. समोर ओट्यावर त्यांचे थोरले दीर बसलेले. त्यांच्यापुढे सासूबाईंचा पदर कधी ढळला नव्हता, की दोघं कधी समोरासमोर बोलले नव्हते. त्या जरा घुटमळल्या आणि पदर सरळ कानामागे सारला. मशीन सगळ्यांना दिसलं. दीर जमिनीकडे बघत म्हणाले, "म्हन व माय, मी आयकाले बठेल शे." खुद्द दीरच ऐकायला बसलेत म्हटल्यावर मग काय, सासूबाईंनी गाणं उचललं आणि आम्ही बायका त्यांच्या मागून गायलो. परवा माझ्याही कानाची वेळ आली. डॉक्टरीणबाई लपणारं दाखवत होत्या. मी म्हटलं, कानामागचंच द्या, पदर मी मागे घेईन.