रूळ काढलेल्या वाटेवर लेकीबरोबर

आखातात वाढलेल्या मुलांची एक गोष्ट बाहेरच्यांना पटकन कळत नाही. मुलं शिकायला किंवा नोकरीला दुसऱ्या देशात गेली, तरी त्यांचा इथला व्हिसा बापाच्या नावावर चालू राहू शकतो. फक्त सहा महिन्यांच्या आत एकदा तरी इथल्या विमानतळावर उतरावं लागतं. उशीर झाला की व्हिसा खलास. दुबईत करामा भागातल्या आमच्या इमारतीत ज्या ज्या आईचं मूल बाहेर आहे, तिला ही मुदत तोंडपाठ असते. बाकीचे या नियमाला कटकट म्हणतात. मी मात्र त्याला दुवा देत आले. एकुलती एक मुलगी इंग्लंडला नोकरीला निघाली तेव्हा मी मनात म्हटलं, जा बाई कुठे जायचंय तिथे, सहा महिन्यांत सरकारच तुला धरून माझ्या दारात आणून उभं करणार आहे.

आणि या वर्षी तिच्या अब्बांचं निवृत्तीचं वय झालं. नोकरी गेली की त्यांचा व्हिसा जाणार, त्यांच्यामागून माझा आणि लेकीचा. फ्लॅट सोडून रत्नागिरीला जायचं ठरलं. जो तो म्हणत होता, आता काय, आराम करा, मासे खा. मला माशांचं सुचत नव्हतं. नियमच उरला नाही तर ही येईल का, एवढं एकच माझ्या डोक्यात घोळत होतं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंचा मुलगा कॅनडाला असतो. त्याचा इथला व्हिसा गेल्यापासून तो फक्त फोनच्या पडद्यावर दिसतो, तोही जेवता जेवता.

लेकीला हे सांगायचं कसं? मी फोन हातात घ्यायचे आणि जेवलीस का विचारून ठेवून द्यायचे. शेवटी तिचे अब्बाच म्हणाले, "फोनवर नको. तू जाऊन ये तिच्याकडे. समोर बसून बोल." मला नवलच वाटलं. हा माणूस मला शेजारच्या अजमानला बहिणीकडे एकटीला पाठवतानासुद्धा दाराशी उभा राहून दहा सूचना देतो, आणि आता थेट इंग्लंडला धाडत होता. पण तिकीट निघालं होतं, म्हणून मी गेले.

मला वाटलं होतं, लंडन दाखवेल, राणीचा वाडा दाखवेल. तर ही म्हणते, "अम्मी, सॅटरडेला आपण रेल्वे लाइन बघायला जाणार."

"रेल्वे बघतात कशाला? रेल्वेत बसतात."

"बसायचं पण आहे. आणि जिथे ट्रेन येत नाही तिथे चालायचं आहे. यू विल लाइक इट."

शनिवारी सकाळी मी घावण्यांची चवड डब्यात भरली आणि निघालो. गाडी दोनच डब्यांची. बाहेर शेतं, हिरवी कुंपणं, मेंढ्यांची पिल्लं. एवढं हिरवं पाहून डोळे निवतात म्हणतात ते खोटं नाही. निम्मा डबा रिकामा होता, आणि तरी गाडी वेळेवर सुटली याचं मला फार कौतुक वाटलं. लेक खिडकीला नाक लावून बसली होती. लहानपणी मेट्रोच्या पहिल्या डब्यात पुढच्या काचेशी अशीच उभी राहायची.

मग तिने सांगितलं. इंग्लंडमधल्या पहिल्या हिवाळ्यात तिला सुट्टीच्या दिवशी घरात बसवत नसे. ओळखीचं कुणी नाही, दुपारी चारला अंधार. म्हणून ती या गाडीत बसायची, शेवटच्या स्टेशनापर्यंत जायची आणि परत यायची. असं करता करता तिला नकाशावर एक तुटक रेघ दिसली. पूर्वी या लाइनला एक फाटा होता, गावागावांतून जाणारा. गाड्या बंद झाल्या, रूळ काढून नेले, वाट तेवढी राहिली. ती एकदा त्या वाटेने चालली, आणि मग अशा वाटा शोधत फिरायचा नादच लागला.

त्या हिवाळ्यात रोज फोनवर ती मला "ऑल गुड, अम्मी" म्हणत होती. मी खुळी, त्यावर विश्वास ठेवून शेजारणींना सांगत होते की पोरगी छान रुळली.

एका इवल्याशा स्टेशनावर उतरलो. उतरायचं असेल तर आधी गार्डला सांगावं लागतं, तसं लेकीने सांगितलं होतं. स्टेशन म्हणजे एक फलाट आणि एक छप्पर, ना माणूस ना मशीन. तिथूनच ती जुनी वाट फुटत होती. माझ्या गुडघ्यांची मला धास्ती होती, पण वाट सपाट निघाली. लेक म्हणाली, जुन्या इंजिनांना चढ झेपत नसे, म्हणून समोर टेकडी आली की ती कापायचे आणि खळगा आला की भराव घालायचे. इंजिनासाठी केलेली ती सोय माझ्या गुडघ्यांना उपयोगी पडली.

दोन्ही बाजूंनी झाडं वर येऊन मिळाली होती. मध्येच लसणाचा वास सुटला. मी थांबले. "जवळपास कुणीतरी फोडणी घातलीय." लेक खो खो हसली. कापलेल्या टेकडीच्या उतारावर रानलसूण माजला होता, पांढऱ्या फुलांनी भरलेला. मी ओढणीत चार मुठी पानं बांधून घेतली. "अम्मी, लोक बघतील." बघू देत. चटणी खाताना लोकांची आठवण येते का, ते मी बघणार होते.

पुढे एक दगडी पूल लागला, वर रस्ता, खाली आम्ही दोघी. त्याच्यापुढे एक जुनं स्टेशन, आता कुणाचं तरी घर झालेलं. फलाटाच्या कडेने कुंड्या लावलेल्या आणि दोरीवर चादरी वाळत घातलेल्या. चादरी काढणाऱ्या बाईने आम्हाला हात केला. मला बरं वाटलं. तिथेच बाजूच्या बाकावर आम्ही घावणी खाल्ली. लेकीने मोबाईलवर किब्ल्याची दिशा काढून दिली आणि मी गवतावर दुपारची, जुहरची नमाज पढले. दुआ मागताना तिचं नाव आलं, पण बोलायचं ते बोलणं काही तोंडातून फुटेना. खाताना नको, चालताना नको, परतताना नको, असं करत आम्ही गाडीच्या फलाटावर परत आलो.

गाडीला थोडा वेळ होता. लेक फलाटाच्या मागे फाटकाचा फोटो काढायला गेली. तेवढ्यात गाडी आली. मी दुबईत शिस्त शिकलेली बाई. पिशवी उचलली, कडेपासून दोन पावलं मागे सरले आणि सरळ उभी राहिले. गाडी हळू झाली. पुढे चक्क ड्रायव्हर बसला होता! आमच्या मेट्रोला ड्रायव्हरच नसतो, त्यामुळे मला त्याचं अप्रूप वाटलं. तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे बघून छान हसले. आणि गाडी वेग घेऊन निघून गेली.

लेक धावत आली. "अम्मी! हात का नाही केला? इथे हात केला तरच ट्रेन थांबते!"

"गाडीला हात करायचा? टॅक्सी आहे का ती?"

"नेक्स्ट वन दोन तासांनी आहे."

मी तिच्यावरच डाफरले. आईला एवढं महत्त्वाचं सांगायचं सोडून ही फाटकांचे फोटो काढते! ती हसत सुटली, छपराखाली माझ्या शेजारी बसली आणि माझ्या खांद्यावर तिने डोकं टेकलं. आता पळायला जागा नव्हती. मी समोरच्या रुळांकडे बघत बोलून टाकलं. "अब्बांची नोकरी जूनला संपतेय. घर सोडणार. व्हिसा कॅन्सल होईल. तुझा पण."

तिचं डोकं खांद्यावरच होतं. "माझा लास्ट इयरच झाला, अम्मी."

"काय झाला?"

"कॅन्सल. काम आलं, फ्लाइट दोनदा पुढे ढकलली, सहा महिने होऊन गेले. मी अब्बांना फोन करून खूप रडले. ते बोलले, अम्मीला सांगू नको, ती घाबरेल."

मला आधी काही समजेना. "मग तू आलीस कशी? बकरी ईदला आलीस. अब्बांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला आलीस."

"यूकेचं कार्ड असलं की दुबई एअरपोर्टवर व्हिसा देतात. टुरिस्टच्या लाइनमध्ये उभी राहायचे."

"आणि बाहेर यायला वेळ लागला की बॅग उशिरा आली म्हणून सांगायचीस?"

"हो." एवढंसं तोंड करून म्हणाली.

माझा राग नाकावर आला होता, पण तो नीट काढताच येईना. मी मनातल्या मनात तिच्या फेऱ्या आठवत होते. ईद होती, ठीक. ऑपरेशन होतं, ठीक. "आणि जानेवारीत? तेव्हा ना ईद होती, ना कुणी आजारी होतं. तेव्हा कशाला आलीस?"

ती जरा विचारात पडली. मग खांदे उडवून म्हणाली, "असंच."

मी उठले आणि फलाटाच्या टोकाला जाऊन तिच्या अब्बांना फोन लावला. करामात तेव्हा संध्याकाळ होती. मागे खोक्यांना चिकटपट्टी लावल्याचा चरचर आवाज येत होता. "तुम्हाला सगळं ठाऊक होतं," मी म्हटलं. "वर्षभर मला बोलला नाहीत. आणि मी इकडे महिनाभर झुरतेय की आता हिला कोण आणणार!"

चिकटपट्टीचा आवाज थांबला. "म्हणून तर तुला पाठवलं," ते म्हणाले. "मी सांगितलं असतं तर तुला पटलं नसतं. येते ना ती? मग आता रडतेस कशाला?"

"असंच," मी म्हटलं.