टेकडीचं नाव

पडदा सरकावा तसं शटर करकरत वर गेलं, आणि छावणीचं स्मृतिदालन उजळलं. भिंतभर काळा फलक. त्यावर पांढऱ्या अक्षरांत गेलेल्या सैनिकांची नावं, प्रत्येक नावापुढे तो पडला ते ठिकाण. समोर स्टुलावर पेंटर. हा फलक पहिल्या नावापासून त्यानेच रंगवलेला. आज त्याला स्वतःच्या मुलाचं नाव लिहायचं होतं.

"फक्त नाव, पेंटरकाका," मेजरसाहेबांनी बजावलं. "ठिकाण गोपनीय आहे."

साहेब आतल्या खोलीत गेले आणि पेंटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गोपनीय! ती टेकडी, तो हल्ला, सगळं शत्रूनेच चित्रित करून जगाला दाखवलं होतं. मेहुणा मोबाइल नाचवत म्हणाला होता, "दाजी, रस्ता विचारला तर हा मोबाइल पायथ्यापर्यंत नेऊन सोडेल. दातखीळ बसलीय ती फक्त आपल्याच लोकांची!"

पण पेंटरच्या बायकोचा मोबाइलवर काडीचा विश्वास नव्हता. "उद्या तो मलाही मेलेली दाखवेल," ती म्हणायची. मुलाची पेटी सीलबंद आली, कुणी उघडू दिली नाही. "कुठे गेला ते सांगत नाहीत ना? म्हणजे त्यांनाच ठाऊक नाही. छावणीच्या फलकावर लिहिलं की मानेन." आणि रोज जेवायला बसताना ती तिसरं ताट मांडायची.

त्याने मुलाचं नाव लिहिलं. मग ब्रश पुन्हा रंगात बुडवला आणि पुढे टेकडीचं नावही लिहून टाकलं, ठसठशीत.

मेजर बाहेर आले, वाचलं आणि पांढरे पडले. "काका! हे काय केलंत? माझी नोकरी जाईल. पुसा आधी!"

"कुणापासून लपवायचं, साहेब? ज्यांनी मारला त्यांना माहीत आहे. रिकामटेकड्यांना माहीत आहे. एकटी त्याची आई राहिलीय."

"वरून हुकूम आहे. माझ्या हातात काही नाही."

पेंटर स्टुलावरून उतरला. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला बोळा त्याने साहेबांच्या हातात कोंबला.

"आता आहे. रंग ओला आहे, एका फटक्यात जाईल. पण थांबा, तिला घेऊन येतो. तिच्या डोळ्यांदेखत पुसा."