हाताला थोडी थरथर

फोटोकाकांनी उभं आयुष्य लोकांच्या सुरकुत्या पुसण्यात घालवलं. फोटो स्टुडिओत टच-अपचं काम. कुणाच्या गालावरचा फोड, कुणाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं त्यांच्या हातून नाहीसं व्हायचं. निवृत्त झाल्यावर जावयाने त्यांना एआयवर व्हिडिओ करायला शिकवलं आणि काकांना नवीनच नाद लागला.

"आधी सुरकुत्या पुसल्यात, आता उमटवत बसलाय. एकदाचं ठरवा तरी," काकू म्हणायच्या.

त्या व्हिडिओंत ना गोष्ट असायची, ना हिरो. एखादा सुरकुतलेला इस्त्रीवाला, एखादा लिफ्टवाला. मशीनने बनवलेली चित्रं संथपणे सरकायची आणि मागून काकांचा घोगरा आवाज बोलायचा: याला आपण रोज पाहतो, पण कधी नीट पाहतो का? लोक डोळे पुसायचे, दहा जणांना पाठवायचे आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टवाल्याकडे न बघता वर जायचे. काकांना मात्र वाटायचं, आपण काहीतरी चांगलं करतोय. करतही होते म्हणा.

मग त्यांनी व्हॅनवाला घेतला. काकांची नात त्याच्याच व्हॅनमधून शाळेत जायची. त्याने हौसेने फोटो दिले, शर्टही नवा घालून आला. चेहरा झकास जमला, पण स्टिअरिंगवरचे हात खरे वाटतील तर शपथ, नुसते मेणाचे. काकांची टच-अपची नजर. त्यांनी मशीनला सांगितलं, डाव्या हाताला थोडी थरथर दे. हात एकदम जिवंत झाला. काका स्वतःवरच खूश झाले.

व्हिडिओ टाकला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी व्हॅनवाला दारात उभा. आत या म्हटलं तरी येईना.

"काका, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"माझ्या हाताचं." त्याने डावा हात खिशात कोंबला होता. "बायकोशिवाय कुणाला ठाऊक नाही. डॉक्टरने सांगितलं का?"

काकांना हसू आलं. "अहो, ते मशीनने केलंय! मीच घाल म्हटलं. हात खोटा दिसत होता म्हणून."

 व्हॅनवाल्याच्या तोंडावरचा रंगच उडाला.

"म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं?"

काकांचं हसू तिथेच विरलं. 

"रोज नाही होत," व्हॅनवाला घाईघाईने सांगू लागला. "सकाळी जरा जास्त असतं. उजवा हात ठणठणीत आहे. डॉक्टर म्हणतात गाडी सोडा. सोडून करू काय, काका? दुसरं येतंय काय मला? तो व्हिडिओ तेवढा काढून टाका. आणि कुणाला बोलू नका, तुमच्या पाया पडतो." खरंच वाकायला लागला.

"अहो, अहो! नाही बोलत," काका म्हणाले. तोंडातून निघून गेलं. व्हिडिओ त्यांनी त्याच्यासमोरच काढला.

 संध्याकाळी नात गृहपाठ करत होती, तर काका तिच्या मानेकडे बघत बसले. केवढीशी मान! काकूंनी दोनदा विचारलं, काय झालं? पित्त, म्हणाले. सांगावं तर त्या माणसाच्या पोटावर पाय. न सांगावं तर... त्यापुढचं चित्र त्यांनी मनात येऊच दिलं नाही. ज्याने जन्मभर चित्रंच केली, त्याला एवढं एक चित्र बघायची छाती होईना.

सकाळी त्यांनी सोपी वाट काढली. "हिला ताप आहे," म्हणाले.

"ताप? कपाळ तर गार आहे," नातीची आई म्हणाली.

"मी सांगतोय ना, आज नको!"

आणि तेवढं सांगायला ते एकटेच खाली उतरले. व्हॅनमध्ये पोरांचा कल्ला चालला होता. व्हॅनवाल्याने त्यांना एकटं पाहिलं आणि तो काय ते समजला.  काकांना हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याची त्यांना शिसारी आली. आपली नात तेवढी काढून घेतली.

तेवढ्यात समोरच्या इमारतीतली एक आई धाकट्याला कडेवर घेऊन धावत आली.

"बरं झालं भेटलात, काका! तुमचा व्हिडिओ पाहिला परवा. इतकी वर्षं जिवापाड जपून पोरं नेतात हो हे, आम्हाला कुठे माहीत होतं? आमचे हे म्हणाले, मग आता कसली भीती, धाकट्यालाही व्हॅनमध्येच घालू." आणि तिने पोराला उचलून पुढच्या सीटवर बसवलं. ते रडायला लागलं.

व्हॅन सुरू झाली. काका बाजूला व्हायचे ते उलटे पुढे गेले आणि गाडीसमोर उभे राहिले.

व्हॅनवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काका, तुम्ही शब्द दिलाय," तो हळूच म्हणाला.

"दिलाय."

"मग सरका ना."

आई गोंधळून दोघांकडे बघत होती. पोरं ओरडत होती, व्हॅनकाका, उशीर होतोय!  काका सरकले नाहीत.

"बाई," ते म्हणाले, "आधी लेकराला खाली उतरवून घ्या. मग सांगतो."