कमांडरांवरचा शेरा

त्या चौकशीची आठवण आली की आजही मला अपराधी वाटतं. कायद्याच्या भाषेत प्रकरण किरकोळ होतं, अदखलपात्र.

मी तेव्हा डोंबिवलीत वरिष्ठ निरीक्षक होतो. एका दुपारी पन्नाशीच्या एक बाई तक्रार घेऊन आल्या. त्यांचे वडील नौदलातले निवृत्त कमांडर. युद्धात आपलं एक जहाज बुडालं, माणसं पाण्यात पडली. शत्रूची पाणबुडी आसपासच होती. मदतीला निघालेलं स्वतःचं जहाज कमांडरांनी न थांबवता वळवलं होतं. बाईंनी मोबाइल पुढे केला. वडिलांच्या फोटोखाली एकच ओळ होती: ‘यांनी जहाज वाचवलं आणि माणसं समुद्राला दिली.’

“बाबांच्या जुन्या शाळेनं त्यांचा ठरलेला सत्कार रद्द केला. बाबा आठ दिवस जिना उतरले नाहीत,” बाई म्हणाल्या. “हे कुणी सुरू केलं, तेवढं शोधून द्या, साहेब.”

संदेश कुणाकडून कुणाला गेला, ते आमचा हवालदार एकेका फोनवरून मागे शोधत गेला. ठाणे शहरातले एक निवृत्त प्राध्यापक सापडले. त्यांनी एका स्मरणिकेत ते वाक्य छापलं होतं.

“अहो, नौदलात प्रसिद्ध वाक्य आहे ते,” प्राध्यापक म्हणाले.

“असू दे. तुम्हाला कुणी सांगितलं?”

बरेच आढेवेढे घेऊन त्यांनी नाव दिलं. कमांडरांच्याच जहाजावरचा सिग्नलमन, म्हणजे इतर जहाजांना संदेश देणारा खलाशी, आता शीळफाट्याजवळ मुलाकडे राहणारा. मी जीप पाठवली. ऐंशीच्या घरातल्या त्या माणसाला भर सकाळी, सगळी बिल्डिंग बघत असताना, आमचे दोन शिपाई घेऊन आले. वर मी त्यांना दोन तास बाकावर बसवून ठेवलं. बसवून ठेवलं की माणूस लवकर बोलतो, हा आमचा जुना हिशेब.

“हे वाक्य तुमचं?” मी आवाज चढवून विचारलं.

“माझंच. पण अर्धंच छापलंय.”

“मग पुरं काय होतं?”

“साहेबांनी जहाज वाचवलं आणि माणसं समुद्राला दिली. त्यांच्यात माझा सख्खा भाऊ होता. तरी त्या जागी मी असतो, तर मीही जहाज वळवलं असतं. एवढं सगळं बोललेलो मी.”

प्राध्यापकांना फोन लावला. “जागा कमी होती हो,” ते म्हणाले.

जबाबावर सही घेतली आणि मी खुशीत कमांडरांच्या घरी गेलो. पूर्ण वाक्य वाचून दाखवलं. मला वाटलं, त्यांना हायसं वाटेल. ते खुर्चीत ताठ झाले.

“त्याचा भाऊ होता? अहो, जहाज वळवल्याचा सिग्नल त्यानंच दिला. माझ्या शेजारी उभा राहून. एक शब्द बोलला नाही.” मग म्हणाले, “मला त्याच्याकडे न्या.”

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना शीळफाट्याला घेऊन गेलो. मुलानं दार अर्धवट उघडलं. त्याची नजर माझ्यावर होती.

“काल बाबांना चोरासारखं नेलंत. आल्यापासून जेवले नाहीत. आता ते कुणालाच भेटणार नाहीत.”

“कमांडरसाहेब स्वतः आलेत,” मी म्हणालो. “दोनच मिनिटं.”

आतून खोकल्याचा आवाज आला. पण कुणी बाहेर आलं नाही. मी पुन्हा बोलणार, तोच कमांडरांनी माझा दंड धरला.

“राहू द्या. त्याच्या भावासाठी मी थांबलो नव्हतो. आता माझ्यासाठी दार उघड, असं कुठल्या तोंडानं सांगू?”

पुढे शाळेनं सत्कार केला, पूर्ण वाक्यही लोकांपर्यंत गेलं. त्या दोघांची भेट मात्र झाली नाही. वर्षभरात दोघंही गेले. वाक्य कुणाचं, ते मी शोधून काढलं, त्याबद्दल वरिष्ठांनी पाठ थोपटली. साध्या कपड्यांत, एकटा त्या सिग्नलमनच्या घरी जाऊन विचारलं असतं, तरी त्यांनी सांगितलं असतं. चहासुद्धा दिला असता.