उजव्या खांद्याची रायफल

बदरुद्दीन पारकर १९५३ साली बोटीच्या डेकवरून कुवेतला उतरला तेव्हा त्याच्याजवळ एक ट्रंक, दोन रंधे आणि मुंबईतल्या एका बंदुकीच्या दुकानाचं शिफारसपत्र होतं. बाप हर्णैला होड्या बांधायचा. पोराने लाकूडकाम उचललं, पण होड्यांऐवजी बंदुकांचे दस्ते घडवले.

तो डावखुरा होता. सात वर्षांचा असताना त्याने पाहुण्यांसमोर डाव्या हाताने भाकरी मोडली. पाहुणे गेल्यावर फुफूने, म्हणजे बापाच्या बहिणीने, चुलीतला चिमटा त्याच्या डाव्या मनगटावर टेकवला आणि दहापर्यंत आकडे मोजले. तेव्हापासून जेवण, सलाम, सही, सगळं उजव्याने. रंधा तेवढा डाव्या हातात राहिला, म्हणून दस्त्याचं काम तो दुकानामागच्या खोलीत दार लोटून करायचा. फुफूबद्दल त्याची तक्रार नव्हती. "तिने मला सुधारलं," असं तो म्हणे.

दुकान ज्या व्यापाऱ्याचं होतं त्याला सगळे नोकर अरबाब, म्हणजे मालक, म्हणत. तंबू, पाण्याच्या पिशव्या, बंदुका, काडतुसं, म्हणजे वाळवंटात शिकारीला जाणाऱ्याला जे जे लागतं ते तिथे मिळायचं. बदरुद्दीनचं काम चोख होतं. अडचण एकच होती. १९५७च्या रजेनंतर गावी मुलगी झाली होती, नूरी, आणि ती त्याने अजून पाहिली नव्हती. बायकोला, खतिजाला, आणि तिला कुवेतला आणायचं तर कागदावर अरबाबची सही हवी होती. तो कागद सात महिने अरबाबच्या मेजावर पडून होता.

१९५९च्या जानेवारीत अरबाबचा धाकटा मुलगा यूसुफ, वय एकोणीस, याने केनियाला रेड्यांच्या शिकारीला जायचं ठरलं. कुवेतच्या वाळूत ससे आणि होबारा पक्षी, त्यांना ससाणे पुरतात. आफ्रिकेतल्या रानरेड्याला मात्र मध्यम बोअरची रायफल लागते. तीनशे पंचाहत्तर बोअरची मागवायची हे ठरलं. कोणत्या घडणीची ते बदरुद्दीनने सांगायचं होतं.

यूसुफ मागच्या खोलीत माप द्यायला आला. बदरुद्दीनने त्याला बोटांचं कडं करून त्यातून दारावरचा खिळा बघायला सांगितलं, मग एकेक डोळा मिटायला लावला. डावा मिटला की खिळा कड्याबाहेर जायचा. नेम धरणारा डोळा डावा, हातही डावा.

"भावांबरोबर वाळवंटात जातो तेव्हा मी डाव्या खांद्यावरून मारतो," यूसुफ म्हणाला. "चुकत नाही. बाबांसमोर उजव्याने मारतो, चुकतो, आणि ते हसतात."

"बोल्टची रायफल तुमच्या कामाची नाही," बदरुद्दीन म्हणाला. "दर गोळीनंतर बोल्ट हाताने मागे ओढावा लागतो, आणि तो उजव्या अंगाला असतो. डाव्या खांद्यावरून मारलीत तर चापावरचा हात सोडून नळीवरून पलीकडे न्यायला लागतो. तेवढ्यात रेडा पोचतो."

"मग?"

"दुनळी घ्या. बोल्टच नाही. एक चाप, मग दुसरा. दस्ता उजव्या माणसाचा आला तरी मी इथे तासून सरळ करीन. अरबाबना कळायचंही नाही."

यूसुफने त्याच्या मनगटावरच्या डागाकडे पाहिलं. "तू पण ना? रंधा मारताना बघितलंय मी."

"मी होतो," बदरुद्दीन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो इंग्रज कारखान्याचा छापील फॉर्म घेऊन अरबाबसमोर उभा राहिला. खतिजाचा कागद मेजावरच होता. त्यावर अरबाबची जपमाळ ठेवलेली होती.

"दोन नळ्या कशाला?"

"दुसरी गोळी लगेच सुटते, अरबाब. बोल्ट ओढावा लागत नाही."

"मी चाळीस वर्षं बोल्ट ओढतोय. माझ्या पोराच्या हाताला काय झालंय?"

बदरुद्दीनने हातातला फॉर्म मेजावर ठेवून सरळ केला.

"लोक म्हणतात, हा लपूनछपून डाव्याने मारतो. माझ्या घरात डाव्या हाताने कोणी पाणीही पीत नाही. तू माप घेतलंस. तू सांग. बोल्टने जमेल की नाही?"

"जमेल."

"फॉर्मवर काय विचारलंय ते वाच."

"कोणत्या खांद्यावरून मारणार, असं विचारलंय."

"मग लिही."

बदरुद्दीनने उजव्या हाताने 'उजवा' लिहिलं. अरबाबने जपमाळ उचलली आणि खतिजाच्या कागदावर सही केली.

आपण खोटं लिहिलं असं त्याला वाटलं नाही. जे फुफूने दहा आकड्यांत केलं ते आपण दोन महिन्यांत करू, असा त्याचा हिशेब होता. रायफल ऑगस्टमध्ये आली. शहराबाहेर, अर्दिया गावाच्या पलीकडे, तेव्हा नुसती वाळू होती. तिथे तो यूसुफला रोज पहाटे नेऊ लागला. डाव्या डोळ्यावर चामड्याचा तुकडा बांधायचा, शंभर पावलांवर तेलाचा डबा ठेवायचा. रायफल चुकून डाव्या खांद्याकडे गेली की बदरुद्दीन सळईने त्या खांद्यावर फटका मारायचा. अरबाबने परवानगी दिली होती.

"तू तरी असं करू नकोस," यूसुफ एकदा म्हणाला.

"मी सुधारलो. तुम्हीही सुधाराल."

पहिल्या आठवड्यात दहातल्या तीन गोळ्या डब्याला लागल्या, शेवटच्या आठवड्यात सात. अरबाब स्वतः बघायला आला आणि त्याने बदरुद्दीनच्या पाठीवर थाप मारली.

केनियात काय झालं ते बरोबरच्या गोऱ्या शिकाऱ्याच्या पत्रातून कळलं. रेडा चाळीस पावलांवर होता. यूसुफची पहिली गोळी उजव्या खांद्यावरून सुटली आणि पोटात लागली. रेडा वळून धावत आला. यूसुफने बोल्ट ओढला आणि घाबरून रायफल डाव्या खांद्याला घेतली. त्या खांद्यावरून त्याची गोळी वर्मी लागली, पण तेवढ्याने रेडा थांबला नाही. तिसऱ्या गोळीसाठी हात नळीवरून पलीकडे गेला आणि बोल्ट अर्धाच मागे आला. पुढे उभा असलेला माग काढणारा माणूस रेड्याच्या शिंगांनी जागीच मेला. रेड्याखाली चिरडलेला यूसुफचा डावा हात नैरोबीच्या इस्पितळात कोपराच्या वरून कापावा लागला. रायफलमध्ये काही दोष नव्हता, असं पत्रात दोनदा लिहिलं होतं.

अरबाबने ते पत्र दुकानात मोठ्याने वाचून घेतलं. घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाला, "आता तरी उजव्याने जेवेल."

खतिजा आणि नूरी १९६०च्या मार्चमध्ये आल्या.

दोन वर्षांनी अरबाब वारला आणि दुकान यूसुफकडे आलं. बदरुद्दीन काढून टाकण्याची वाट बघत होता. यूसुफने त्याला काढलं नाही. पगारही कापला नाही. त्या महिन्यात बदरुद्दीनचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपत आला होता. सहीसाठी पुढे केलेला कागद यूसुफने बाजूला ठेवला. "शुक्रवारी जेवायला ये. पोरीलाही आण."

शुक्रवारी नमाजानंतर यूसुफच्या दस्मान भागातल्या घरी दुकानातले सगळे जमायचे. भात आणि मटणाचे मोठे थाळ, एकेका थाळाभोवती सहा-सात माणसं. यूसुफ बदरुद्दीनच्या समोर बसला. बदरुद्दीनने बिस्मिल्ला म्हणून उजवा हात पुढे केला.

"तो नाही," यूसुफ म्हणाला. "डावा."

"अरबाब, पोरीसमोर..."

"माझा उरला नाही. तुझा आहे ना अजून? त्याने जेव."

गोदाम सांभाळणारा रफीक, श्रीवर्धनचा, शेजारी बसला होता. तो नूरीकडे पाहू लागला. सगळ्यांचे हात थाळाच्या कडेला थांबले होते. बदरुद्दीनने डाव्या हाताने भात कालवला, घास केला आणि तोंडात घातला. बत्तीस वर्षांनी. एक शीतही सांडलं नाही.

यूसुफ हसला. "बघा, किती छान जेवतो!"

जेवण झाल्यावर त्याने इकाम्याच्या कागदावर सही केली.

बाहेर चपला घालताना रफीकने आवाज खाली आणला. "बद्रूभाय, पुढच्या जुम्म्यापासून तुझं ताट वेगळं काढतो हां. राग मानू नको. माणसं त्या थाळात हात घालायला नको म्हणतात."

"माझा हात धुतलेला होता, रफीक."

"ते मला ठाऊक आहे, रे. पण डावा तो डावाच."

त्यानंतर दर शुक्रवारी बदरुद्दीन वेगळ्या ताटात, सगळ्यांसमोर, डाव्या हाताने जेवला. खतिजा म्हणाली, "सोडा ही नोकरी. हर्णैला होड्या बांधा."

"तिथे विचारतील, का आलास. काय सांगू?"

त्याच महिन्यात एका दुपारी नूरीने घरी डाव्या हाताने भाकरी मोडली. ती चार वर्षांची होती. बदरुद्दीनने तिला हात बदलायला सांगितलं.

"अब्बा, तुम्ही पण असंच जेवता. तिकडे."

बदरुद्दीन उठला, त्याने स्टोव्हवरचा तवा उतरवला आणि चिमटा आचेवर धरला. खतिजा म्हणाली, "अहो, नको, माझी शपथ." त्याने खतिजाला बाहेर काढून दाराला आतून कडी लावली. बाहेरून तिला त्याचे आकडे ऐकू आले. तो दहापर्यंत गेला.

नूरी पुढे सगळं उजव्याने करायला शिकली. बदरुद्दीनचा इकामा १९६८पर्यंत दरवर्षी वेळेवर वाढवून मिळाला. त्या दुपारची एक गोष्ट खतिजाने बऱ्याच वर्षांनी सांगितली, तीही नूरीकडून ऐकलेली. चिमटा त्याने डाव्या हातात धरला होता.