सासूबाईंनी आणि मी सोडवलेलं इंजिन

मुलांनो, तुमच्या चुलतकाकांनी घराण्याची माहिती टाइप करून तुम्हा सगळ्यांना अमेरिकेत पाठवली, तिची एक प्रत मलाही आली. त्यात एक ओळ आहे: ‘जाम झालेला जुना ट्रॅक्टर थोरल्या आजोबांनी स्वतः दुरुस्त केला.’ ही ओळ खोटी आहे. ते काम डोळ्यांनी पाहिलेल्यांपैकी आता मी एकटीच उरले आहे, म्हणून आज खरं काय घडलं ते क्रमाने लिहिते. कोणाला राग आला तर येऊ दे.

महायुद्धाची शेवटची वर्षं होती. मी मॅट्रिक होऊन, लग्न करून तापीकाठच्या प्रकाशा गावाजवळ आपल्या खेड्यात आले होते. तुमचे आजोबा धुळ्याला मास्तर होते, सुट्टीलाच घरी येत. जेठाणी, म्हणजे थोरल्या जाऊबाई, बाळंतपणाला माहेरी गेलेल्या. त्यामुळे घरात तिघंच: सासूबाई, त्यांचे थोरले चिरंजीव म्हणजे माझे जेठ (तुमचे थोरले आजोबा), आणि मी. सासऱ्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

तापीकाठच्या खालच्या शेतात कुंदा माजला होता. या गवताची मुळं काळ्या जमिनीत इतकी खोल जातात की बैलांचा नांगर वरवर खरवडतो आणि पावसाबरोबर कुंदा पुन्हा वर येतो. तेवढ्यासाठी सासऱ्यांनी लोखंडी चाकांचा एक जुना ट्रॅक्टर गुजरातेतून आणला होता. ते गेल्यावर तो गोठ्यामागे उघड्यावर उभा राहिला, आणि चैत्राच्या तोंडावर जेठांनी हँडल मारलं तेव्हा ते तसूभरही हलेना.

लोखंडाला तेव्हा मोठी मागणी होती. जेठांनी शहाद्याच्या भंगारवाल्याला सांगावा धाडला.

इथे एक गोष्ट समजून घ्या. त्या काळी आमच्याकडे जेठ धाकट्या भावाच्या बायकोशी बोलत नसत, आणि तिनेही त्यांच्याशी बोलायचं नसे. दोघं एकाच ओसरीवर असले तरी बोलणं सासूबाईंमार्फत चाले. घरची बोली अहिराणी, मी मात्र शाळेतली मराठी बोलत असे.

“माय, भंगारवाला मंगळवारले येई. ट्रॅक्टर दी टाकू,” जेठ म्हणाले.

“आनि खालनं वावर?” सासूबाईंनी विचारलं.

“ऱ्हाऊ दे पडीत.”

मी दाराआडून म्हटलं, “आई, त्यांना विचारा, इंजिन फिरलं तर?”

जेठ समोरच्या बैलाकडे बघत म्हणाले, “माय, तिले सांग, मी बैल जुपीसन वढं. चाकं घसरनात, इंजिन नही फिरनं. आते ती का चूलनी फुकनी लावीसन फिरवनार शे?” आणि स्वतःच हसले. “चाल, मंगळवारपावत फिरनं तर ठेवसू. नही फिरनं तर गयं.”

सहा दिवस होते.

ट्रॅक्टरबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक सासऱ्यांच्या पेटीत होतं. ते घरात माझ्याशिवाय कोणालाच वाचता येत नव्हतं. मी ते रात्रीच्या आत संपवलं. जाम इंजिनावर ताकद लावू नका, आतला दांडा वाकेल. तेल मुरू द्या, मग थोडं थोडं हलवा, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. म्हणजे बैल जुंपणं ही चूकच होती.

“पुस्तकमा काय लिखेल शे?” सासूबाईंनी विचारलं.

“आधी वरचं झाकण काढायला सांगितलंय.”

“मंग काढ ना. माझं तोंड काय बघी ऱ्हायनी?”

नट घट्ट बसले होते. सासूबाईंनी पान्याच्या दांड्याला मुसळ बांधलं, आणि आम्ही दोघींनी लटकून एकेक नट सैल केला. कुठला नट कुठला हे चुकू नये म्हणून मी ते मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांत क्रमाने ठेवले. मसाला मंगळवारपर्यंत कागदात राहिला.

झाकण उचललं. चारपैकी तीन सिलिंडर बरे होते. दुसऱ्यात तांबडा चिखल साचला होता, आणि त्यात तांदळाचे दाणे होते. मी चिमटीत एक दाणा धरून बघत राहिले. इंजिनात तांदूळ कुठून येणार?

सासूबाई म्हणाल्या, “ते मन्हं शे.”

पोळ्याला बैलांबरोबर सासूबाई त्या ट्रॅक्टरलाही आंघोळ घालत. तापीच्या पाण्याचे दोन हंडे वरून ओतायचे, कुंकू लावायचं, अक्षता टाकायच्या. सासरे होते तोवर ते धुराच्या उभ्या नळीवर डबा पालथा घालत आणि पूजा झाली की लगेच इंजिन चालू करून वाळवत. ते गेल्यावर आंघोळ चालू राहिली. डबा घालणारं कोणी उरलं नाही, आणि पाणी नि अक्षता नळीतून आत उतरल्या.

“बैल आंग झटकस,” त्या म्हणाल्या. “याले झटकता येत नही, ते माले कसं समजी? कोनले सांगू नको, माय.”

मी म्हटलं, “नाही सांगणार.”

रॉकेल रेशनवर होतं. कंदिलातलं काढून घेतलं, त्यात एरंडेल मिसळलं आणि सिलिंडरमध्ये ओतलं. रोज उजेडातच जेवणं आटपू लागलो. सासूबाईंनी सुताराकडून बाभळीचा ठोकळा तासून आणला. पिस्टनवर तो ठेवून रोज हलक्या हाताने ठोकायचं आणि पुन्हा तेल द्यायचं. जेठ येता-जाता बैलाला सांगत, “आयकं का रे, भाऊ? आपला घरमा लोखंडले तेलनी मालिश चालू शे.”

रविवारपर्यंत काही नाही. माझे तळहात फुटले होते. सोमवारी दुपारी ठोकळ्याखाली काहीतरी बोटभर सरकलं. सासूबाई म्हणाल्या, “हालनं!” मग हँडलने मागे, पुढे, मागे, पुढे. ऊन कललं तेव्हा इंजिन पुरता एक फेरा फिरलं.

मंगळवारी सकाळी घासूनपुसून झाकण बसवलं. नट एकही उरला नाही. दुपारी भंगारवाला गाडी आणि काटा घेऊन आला. मी पदर खोचला, सगळ्यांसमोर हँडल घातलं आणि फिरवलं. एकदा, दोनदा, तीनदा.

जेठ म्हणाले, “माय, तिले सांग, फिरनं म्हनजे चालू व्हयनं नही.”

मी हँडल हातात धरूनच त्यांच्याकडे वळले. “भाऊ, तुम्ही ‘फिरलं तर’ म्हणाला होता. ते फिरलं आहे.”

भंगारवाला जमिनीकडे बघू लागला.

“माय! ही मन्हासंगे बोलनी!”

“हां, बोलनी,” सासूबाई म्हणाल्या. “पानी मी टाकेल व्हतं, आनि इंजिन सोडं मी नि तिनी. बोलानं व्हई तर आते आम्हनाशी बोल. त्या बैलले कसाले तरास देस?”

गाडी रिकामी परत गेली. पंधरवड्याने पेट्रोल मिळालं, इंजिन खोकलं, काळा धूर ओकलं आणि चालू झालं. खालच्या शेतातला कुंदा त्या उन्हाळ्यात मुळासकट उलटला. ट्रॅक्टर जेठांनी चालवला, आणि उत्तम चालवला; ते मी नाकारत नाही. गावाने त्यांना सीटवर पाहिलं, त्यावरूनच ती ओळ जन्मली असावी. त्यानंतर ते माझ्याशी सरळ बोलू लागले, बहुतेक वेळा भांडायलाच. मीही तशीच सरळ उत्तरं देत गेले.

सुटे भाग मिळेनात तसा पुढे ट्रॅक्टर थांबला. तो आजही आपल्या खळ्यातल्या शेडमध्ये आहे. सीट नाही, पुढचं एक चाक नाही. इंजिन हँडलने फिरतं.