चौथी फेरी

हे मी आजवर कुणापुढं बोललेलो नाही. पोरापुढं नाही, भावापुढं नाही, तळ्यावर रोज सकाळी माझ्यासंगट पोहणाऱ्यांपुढं तर नाहीच. शालन, माझी बायको, तिला जाऊन दोन वर्षं झाली. तिलाही सांगितलं नाही. तिलाच तर सांगायचं होतं.

शाळा सातवीपर्यंत झाली, तेव्हा शुद्धलेखन बघू नका. सरळ लिहायला बसलोय खरं, पण सरळ येत नाही. म्हणून आधी जे सगळ्यांना ठाऊक आहे तेवढं लिहितो.

जन्मभर फौंड्रीत मोल्डर होतो, ओतकामाचे साचे करायचो. शेवटच्या वर्षी सायकलवरनं कामाला जाताना गाडीनं उडवलं. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली. डॉक्टर म्हणाले, चालाल, पळायचं मात्र विसरा. विसरा म्हटलं की माझं डोकं फिरतं. राजाराम तलावात पडून हातपाय हलवायला लागलो. मग परत सायकल. मग घराजवळच्या मैदानावर लंगडत पळणं. आणि चौसष्टाव्या वर्षी ट्रायथलॉनचा फॉर्म भरला — दोन किलोमीटर पोहायचं, लगेच नव्वद किलोमीटर सायकल, आणि त्यावर एकवीस किलोमीटर पळायचं. तळ्यावरची मंडळी म्हणाली, "म्हाताऱ्याला वर काढायला गळ आणून ठेवा रं." मीही हसलो. पण आत झोंबलं.

शर्यत मी पुरी केली. पेपरात फोटो आला. तालमीत सत्कार झाला, शाळेत भाषणाला बोलावलं. पोरांना सांगितलं, अर्ध्यात सोडायचं नसतं.

एवढं सगळ्यांना ठाऊक.

पळायच्या चार फेऱ्या होत्या, कमानीपासनं निघून परत कमानीपाशी. लांबच्या टोकाला एक टेबल, तिथनं वळायचं. वळलं की मनगटात एक रंगीत रबर घालायचे. चार रबरं मनगटात दिसली की शेवटच्या कमानीखालनं आत घ्यायचे. दोन फेऱ्या कशातरी झाल्या. तिसरीला मांडीत सळई जाळात घातल्यासारखी तापली, पिंडरीत गोळा आला. टेबलापाशी पोचलो तेव्हा रबरं देणारी पोरगी पाठमोरी होऊन ग्लासात पाणी ओतत होती. रबरांचा डबा उघडा. मी दोन उचलली. एक तिसरीचं, एक न पळलेल्या चौथीचं.

झालं. एवढंच. हाताला वजनसुद्धा लागलं नाही.

तिथंच बसलो असतो तर? अँब्युलन्स उभी होती. कुणी नावं ठेवली नसती, उलट पाठ थोपटली असती. मग का केलं? शालन कमानीपाशी वाट बघत होती म्हणून — असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. तेही खोटं. त्या गळवाल्यांनी बघायला पाहिजे होतं. बाकी काही नाही.

कमानीखाली शालननं पदराच्या गाठीतला गुलाल काढून माझ्या कपाळाला फासला. रडत होती. आणि तिथंच म्हणाली, "जोतिबाला बोललीया मी. तुमी समदं पुरं केलासा, आता येत्या रविवारी अनवाणी डोंगर चढून येनार."

मला ह्याचा पत्ता नव्हता. नवस बोलून वर्षभर पोटात ठेवला होता बाईनं.

आता हे नीट समजून घ्या. शालनला साखर होती, चौदा-पंधरा वर्षांची. पायाचे तळवे बधिर. खिळा रुतला तरी कळायचं नाही. डॉक्टरांनी घरातसुद्धा अनवाणी फिरायला बंदी केली होती. स्वैपाकघरात मऊ चपला घालूनच भाकरी थापायची, देवापुढं तेवढ्या काढायची. हे मला ठाऊक नव्हतं का? तिच्या चपला मीच आणून द्यायचो.

रविवारी वडापच्या जीपनं डोंगराखालच्या केर्लीपर्यंत गेलो. तिथनं चढ लागतो. रस्त्याची खडी वर आलेली, ऊन वर यायला लागलेलं. ती अनवाणी. मी बूट घालून शेजारनं. शर्यतीचेच बूट. नवस तिचा होता ना.

वर गुलालात पाय माखले होते, म्हणून काही दिसलं नाही. तिनं माझं मेडल देवाच्या पायरीला लावून आणलं आणि माझ्या गळ्यात घातलं. "चांगभलं म्हना की," म्हणाली. मी म्हटलं. घरी मोरीत तिनं पाय धुतले तेव्हा पाणी लाल झालं. गुलालाचं वाटलं मला. दुसऱ्यांदा धुतले तरी लालच. टाचेत खडीचा कपचा आत गेला होता. चढताना कधीतरी गेला असणार, तशीच वर चढली, तशीच उतरली. "काय दुकत न्हाय वो," म्हणाली. दुखणार कसं?

जखम भरली नाही. आधी टाचेचं मांस काढलं, मग पाऊल काढलं, मग विष अंगात गेलं. तीन महिने. दवाखान्यात नर्सला सांगायची, आमच्या मालकांनी ह्या वयात असं असं केलं. माझ्याकडं बोट करायची. मी खिडकीबाहेर बघायचो. तेव्हा बोललो असतो तर? पाऊल गेलं ते फुकट गेलं, हे तिला कळलं असतं. तिला त्रास नको म्हणून गप्प बसलो — हेही मी स्वतःला सांगितलंय. किती सांगायचं माणसानं स्वतःला? खरं हे की ती माझ्याकडं ज्या नजरेनं बघायची, ती नजर मला सोडवत नव्हती.

दिवस घालताना पोरगं चिडून म्हणालं, "आबा, आईला अनवानी का जाऊ दिलंसा?" सगळे पाहुणे ऐकत होते. मी म्हणालो, "ती ऐकती व्हय कुनाचं?" सगळ्यांनी मान हलवली. तिचाच हट्ट, म्हणाले. पोरगं अजून आईवर रागावलेलं आहे. फोनवर म्हणतं, एवढा कसला देव तिचा. मी हं म्हणतो.

तिनं हट्ट केला नव्हता. आता लिहितो.

केर्लीला उतरल्यावर ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली. एक चप्पल काढली. दुसरी काढायच्या आधी थांबली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "अवो, चार फेऱ्या झाल्या न्हवं? मला तुमी तीनदाच दिसलासा. एकदा पानी आनाय गेलते, तवा गेला असशीला. पर देवाचं हाय, म्हनून इचारते. न्हाय झाल्या तर न्हाय म्हना. परत कवातरी करशीला. मग चढू."

रागानं नव्हे. संशयानंही नव्हे. डाळीत मीठ पडलं का विचारावं तसं. वडाप अजून तिथंच उभी होती, ड्रायव्हर परतीची माणसं गोळा करत होता. एक शब्द बोललो असतो तर तिनं ती चप्पल परत पायात घातली असती. आम्ही त्याच गाडीनं घरी गेलो असतो.

मी म्हणालो, "झाल्या की. तूच बघितलं न्हाईस."

तिनं दुसरी चप्पल काढली आणि धरायला माझ्या हातात दिली.